पणजोबा कागदावर एक आणि रक्तात दुसरेच?

मागच्या अंकात मी आपलं सहज लिहून गेले होते की घराण्याचा माग काढताना कुठे अडकलात तर विचारा, आणि काय सांगू, पत्रांचा नि मेल्सचा नुसता ढीग पडलाय. त्यातली निम्मी पत्रं एकाच वाक्यावर येऊन थांबतात, "ताई, डीएनए टेस्ट केली, आता पुढे काय?" म्हणजे थुंकीची नळी पाठवून झाली, पैसे गेले, रिझल्ट आला आणि त्यात पणजोबांचं नाव काही छापून आलं नाही म्हणून मंडळी हिरमुसली आहेत. अहो, डीएनएमध्ये नावं कुठून येणार? नावं कागदात असतात, आणि कागद बिनदिक्कत खोटं बोलतो. दोघांना समोरासमोर बसवून उलटतपासणी घ्यायची असते. कुणाचंही नावगाव छापलेलं नाही, काळजी नसावी.

प्रश्न: ताई, मी आणि माझ्या सख्ख्या भावाने एकाच कंपनीची टेस्ट केली. माझ्यात एका प्रदेशाचे १४ टक्के आलेत, त्याच्यात फक्त ५, आणि त्याच्यात भलत्याच एका देशाचे ३ टक्के आलेत ते माझ्यात नाहीतच. तो मला "तुला उचलून आणलंय" म्हणून चिडवतोय. गंमत आहे हे कळतं पण रात्री झोप लागली नाही. आमच्यातलं एक दत्तक असू शकतं का? (झोप उडालेली)

उत्तर: अगं, आधी झोप काढ आणि उठलीस की तो टक्क्यांचा रंगीत नकाशा बंद करून मॅचेसच्या, म्हणजे ज्यांचा डीएनए तुझ्याशी जुळला त्या माणसांच्या, यादीत जा, तिथे तुझ्या भावाचं नाव असेल आणि त्याच्यापुढे एक आकडा असेल सेंटिमॉर्गनमध्ये. सेंटिमॉर्गन म्हणजे दोघांत सारखा निघालेला डीएनए मोजायचं माप, एवढं समजलं तरी पुरे. सख्ख्या भावंडांत तो आकडा साधारण २,६०० च्या आसपास येतो, आई किंवा वडील वेगळे असतील तर १,७५० च्या आसपास, आणि रक्ताचं नातंच नसेल तर भाऊ त्या यादीत दिसणारच नाही. तुझं उत्तर त्या एका आकड्यात आहे, नकाशात नाही.

आता टक्के वेगळे का आले ते सांगते. आईकडून निम्मं आणि वडलांकडून निम्मं येतं हे शाळेत शिकलोय, पण कुठलं निम्मं हे प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने ठरतं, पत्ते दरवेळी पिसून वाटावेत तसं. तुझ्या वाट्याला आजीकडचे जास्त पत्ते आले असतील, भावाच्या वाट्याला आजोबांकडचे. त्यात हे टक्के म्हणजे कंपनीने आजच्या काही लोकांचे नमुने गोळा करून "हा तुकडा अमक्यांसारखा दिसतो" असा बांधलेला अंदाज असतो, म्हणून कंपनीने नमुने वाढवले की तुझे १४ चे उद्या ९ होतील आणि मेल येईल "तुमचे निकाल अपडेट झाले". तुझे पूर्वज मात्र जिथे होते तिथेच पुरलेले किंवा जाळलेले आहेत, ते कुठे हलले नाहीत. २-३ टक्क्यांच्या गोष्टींवर तर अजिबात कथा रचू नकोस, मी रचली होती, एक पूर्ण खलाशी पणजोबा उभा केला होता मनात, पुढच्या अपडेटमध्ये तो बुडाला.

प्रश्न: माझ्या आजोबांच्या वडलांचे ३ कागद मिळाले. एका कागदानुसार त्यांचा जन्म १८७१ चा निघतो, दुसऱ्यावरून १८७५, आणि मृत्यूच्या नोंदीतल्या वयावरून १८६८! नावाचं स्पेलिंगही तिन्हीकडे वेगळं. ही ३ वेगवेगळी माणसं समजायची का एकच? कुठला कागद खरा धरायचा? (तीन कागद, एक डोकं)

उत्तर: तुम्हाला ३ च मिळाले म्हणजे नशीबवान आहात. कागद खरा का खोटा हे विचारण्याआधी हे विचारा की ही माहिती कारकुनाला सांगितली कुणी, आणि त्या सांगणाऱ्याला ती ठाऊक असायचं काही कारण होतं का. मृत्यूच्या नोंदीत मेलेला माणूस स्वतःचं वय सांगायला नसतो, ते मुलगा सांगतो नाहीतर शेजारी सांगतो, तेही रडारडीत, "असतील ७०" म्हणून. जन्माच्या वेळची नोंद जन्माबद्दल सगळ्यात जवळची, मृत्यूच्या वेळची नोंद मृत्यूच्या तारखेबद्दल पक्की पण जन्माबद्दल कच्ची. म्हणजे एकाच कागदावरची एक ओळ पक्की आणि दुसरी ओळ ऐकीव असू शकते.

वयांचं तर विचारूच नका. जुन्या जनगणना बघितल्या तर लोकांची वयं ३०, ३५, ४०, ४५ अशी शून्यावर आणि पाचावर ढिगाने साचलेली दिसतात, जगभर दिसतात, इतकी की लोकसंख्याशास्त्रात ते साचणं मोजायला व्हिपल इंडेक्स नावाचं वेगळं मापच आहे. त्यामुळे कागदावर नेमकं ४० किंवा ५० लिहिलेलं असेल तर ५ वर्षं इकडे ५ वर्षं तिकडे धरूनच शोधा. वर्षाचा आकडा कुठल्या कालगणनेतला आहे तेही बघा. शके असेल तर ७८ मिळवा, आणि शके वर्षाच्या शेवटचे महिने असतील तर ७९. इंग्लंडच्या जुन्या नोंदी चाळत असाल तर तिथे १७५२ पर्यंत कायद्याने नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, म्हणजे "जानेवारी १७२०" लिहिलेलं आपल्या हिशोबाने जानेवारी १७२१ असतं, आणि लोकांना मग मूल लग्नाआधी झालेलं दिसतं नि घरात उगाच वादळ होतं.

स्पेलिंगवरून माणूस बाद करू नका. कारकून कानाने ऐकून लिहायचा आणि साहेबी पद्धतीत आपला आखूड "अ" यू ने लिहायची सवय होती, म्हणून गणपत हा वाचताना "गुनपुट" होऊन बसतो आणि तुम्ही शोधत बसता "जी ए एन". नाव उच्चारावरून शोधायची युक्ती जुनीच आहे, साउंडेक्स म्हणतात तिला, १९१८ मध्ये अमेरिकेत पेटंट घेतलेली, नावाचं पहिलं अक्षर ठेवायचं आणि पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे म्हणजे सारखी ऐकू येणारी नावं एका कप्प्यात पडतात. पण ती इंग्रजी कानासाठी केलेली, व ला व्ही लिहिला का डब्ल्यू असले आपले घोळ तिला नेहमी सुटत नाहीत, तिथे आपणच ७-८ स्पेलिंगं काढून एकेक टाकून बघावं लागतं.

आणि एकच माणूस का तीन, हे नाव आणि वयावरून कधीच ठरवू नका, आजूबाजूची माणसं बघा. बायकोचं नाव, भावाचं नाव, साक्षीदार, घर किंवा जमीन, धंदा. तिन्ही कागदांत यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर वय ७ वर्षांनी चुकलं तरी माणूस एकच. मी स्वतः एका गृहस्थांच्या मागे २ वर्षं होते, नाव तेच, वडलांचं नाव तेच, वयही तेच, आणि मग कळलं की ते माझ्या पणजोबांचे चुलत-चुलत भाऊ, दोघांच्या बापांनी आपापल्या मुलाला एकाच पूर्वजाचं नाव ठेवलेलं आणि बापही सारख्याच नावाचे. माझी २ वर्षं गेली, त्या चुलत घराण्याची वंशावळ मात्र अगदी तयार आहे, कुणाला हवी असेल तर सांगा.

प्रश्न: ताई, जरा लांबलचक आहे. माझ्या आजोबांच्या (वडलांचे वडील) जन्माच्या नोंदीत बापाचा रकाना कोरा आहे. पणजीने शेवटपर्यंत कुणाला नाव सांगितलं नाही आणि आजोबांनीही कधी विचारलं नाही म्हणे. आता घरात वडील आहेत ७८ वर्षांचे, एक आत्या आहे. मी डीएनए टेस्ट केली, हजारो मॅचेस आल्यात, एकही नाव ओळखीचं नाही, सगळ्यात वरची मॅच २१२ सेंटिमॉर्गन. त्या माणसाला मेसेज केला, उत्तर नाही. पणजोबा सापडू शकतात का, का नाद सोडू? (कोरा रकाना)

उत्तर: सोडू नका, पण तुमच्या टेस्टवरून शोधणं थांबवा आणि वडलांची टेस्ट करा, जमलं तर आत्याचीही. कारण साधं आहे. ते अनोळखी गृहस्थ तुमचे पणजोबा, म्हणजे तुमच्यात त्यांचा डीएनए साधारण साडेबारा टक्के. वडलांचे ते आजोबा, म्हणजे वडलांत साधारण २५ टक्के, थेट दुप्पट. शिवाय आत्याकडे असे काही तुकडे असतील जे वडलांकडे आलेच नाहीत. तुमची टेस्ट वाया गेली असं नाही, पण घरात एक पिढी वरचं माणूस हयात असताना खालच्या पिढीवरून शोधणं म्हणजे मूळ चोपडी समोर असताना झेरॉक्सची झेरॉक्स वाचणं.

आता त्या २१२ कडे. कंपनी त्याच्यापुढे "सेकंड कझिन" वगैरे लिहून मोकळी होते. सेकंड कझिन म्हणजे तुम्हा दोघांचे पणजोबा-पणजी एकच, आणि त्यांच्यात सरासरी २३० च्या आसपास येतं हे खरं, पण तेवढाच आकडा दुसऱ्या पाच-सहा नात्यांतही बसतो. गंमत बघा, इंग्रजीत चुलत, आते, मामे, मावस सगळे एकाच कझिनच्या पोत्यात भरतात, आणि डीएनएचंही तसंच आहे, त्याला चुलत-मावस कळत नाही. आपल्याकडे मात्र कुणी नातेवाईक म्हटलं की पहिला प्रश्न येतो "कुणाकडून?" शोधाचं सगळं काम म्हणजे हा एकच प्रश्न प्रत्येक मॅचला विचारत राहणं. आणखी एक लक्षात ठेवा, तुमच्या पणजोबांनी पुढे दुसरीकडे संसार केला असेल तर त्यांची ती नातवंडं तुमच्या वडलांची अर्ध्या नात्याने भावंडं, म्हणजे आजोबा एक पण आज्या दोन. पूर्ण चुलत-आते भावंडांत सरासरी ८६६ येतं, अशा अर्ध्यांत साधारण ४५०. हा अर्धा हिशोब विसरला की माणसं एक पिढी वरखाली शोधत राहतात.

वडलांचा रिझल्ट आला की एक साधं स्प्रेडशीट उघडा. वडलांच्या मॅचेसपैकी ४०० ते ९० च्या मधले घ्या, त्याहून जवळचे सोडा. सगळ्यात वरच्याला एक रंग द्या, समजा निळा. मग कंपनीच्या साइटवर त्याच्या "शेअर्ड मॅचेस" बघा, म्हणजे तो आणि वडील या दोघांशीही जुळणारी माणसं, त्या सगळ्यांना निळा. मग यादीतला पहिला बिनरंगाचा घ्या, त्याला पिवळा, त्याच्या सामाईक मॅचेसना पिवळा. असं करत शेवटपर्यंत जा. याला लीड्स मेथड म्हणतात, डेना लीड्स नावाच्या बाईंनी २०१८ मध्ये मांडली. सगळं सरळ असेल तर शेवटी ४ रंगांचे ४ रकाने उभे राहतात, वडलांच्या २ आजोबांचे आणि २ आज्यांचे. नात्यातल्या नात्यात लग्नं होत आलेली घराणी असतील तर रंग एकमेकांत मिसळतात, एकेका माणसाला ३-३ रंग लागतात आणि आकडेही नातं असतं त्याहून जवळचं दाखवतात, तिथे एकूण बेरजेपेक्षा सगळ्यात लांब सलग तुकडा केवढा आहे ते बघायचं.

मग ओळखीची माणसं टाकायची. तुमच्या आजीच्या माहेरचं कुणी, पणजीच्या भावाबहिणीच्या वंशातलं कुणी टेस्ट करायला तयार झालं तर त्यांच्यामुळे ३ रकान्यांना नावं मिळतात. चौथा, ज्यात आपलं म्हणावं असं एकही माणूस नाही, तो पणजोबांचा.

एका ओळखीच्या काकांचं हे काम मी शेजारी बसून केलंय, त्यांचे आजोबा कोण हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्या शीटमध्ये असा एक जांभळा रकाना उरला, ७ माणसं, सगळी अनोळखी. त्यातल्या दोघांनीच आपली वंशावळ टाकलेली, तीही अर्धवट, पण दोन्ही आम्ही वर वर चढवत नेल्या तर चौथ्या पिढीला एकच जोडपं दोन्हीकडे आलं. मग उलटं, त्या जोडप्यापासून खाली. त्यांना ४ मुलगे. दोघं लहानपणीच गेलेले, दफनाच्या नोंदी मिळाल्या. तिसरा पलटणीत, आणि काकांच्या आजीला दिवस गेले त्या वर्षी त्याची पलटण समुद्रापार होती, हजेरीपटात दर महिन्याला त्याचं नाव. चौथा त्या वर्षीच्या घरपट्टीच्या यादीत भाडेकरू म्हणून, काकांच्या आजीच्या घरापासून ३ दारं सोडून. काका बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून बसले होते, मग म्हणाले "३ दारं", आणि चहा गार झाला तरी पुढे काही बोलले नाहीत.

या उदाहरणात डीएनएने कुठपर्यंत आणलं ते बघा, ४ भावांपर्यंत. पुढचं काम कागदाने केलं. भावांमधला कोण हे एवढ्या लांबच्या मॅचेसवरून ठरत नाही, त्यातल्या जगलेल्या भावांच्या मुलानातवंडांची टेस्ट झाली तर गोष्ट वेगळी. याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण अमेरिकेचे अध्यक्ष थॉमस जेफरसन. त्यांच्या घरातल्या गुलाम सॅली हेमिंग्ज यांच्या मुलांचे बाप तेच का, यावर जवळपास २०० वर्षं वाद. जेफरसनना लग्नाचा मुलगा जगलेला नाही, म्हणून त्यांच्या काकांच्या, फील्ड जेफरसन यांच्या पुरुष वंशजांचा वाय क्रोमोसोम, म्हणजे डीएनएचा फक्त बापाकडून मुलाला जाणारा भाग, तपासला आणि तो सॅलीचा धाकटा मुलगा एस्टन याच्या वंशजाशी जुळला, १९९८ मध्ये ते छापून आलं. पण वाय तर सगळ्याच जेफरसन पुरुषांत एकच, थॉमस यांच्या भावातही तोच! मग कागद आले, जेफरसन आपल्या सगळ्या हालचाली, हिशोब लिहून ठेवणारे गृहस्थ, आणि सॅलीच्या प्रत्येक बाळाच्या जन्माच्या साधारण ९ महिने आधी, म्हणजे गर्भ राहिला त्या सुमारास, ते मॉन्टिसेलोच्या घरीच होते हे त्यातून निघालं. दोन्ही मिळून आज बहुतेक इतिहासकार ते मान्य करतात.

तुमच्याकडेही वाय आहे, लक्षात आलं का? पणजोबा, त्यांचा मुलगा आजोबा, त्यांचा मुलगा वडील, ही सरळ पुरुषांची साखळी, म्हणून वडलांची वाय टेस्ट वेगळी करून ठेवा, कधीकधी मॅचमध्ये एकच आडनाव पुन्हा पुन्हा येतं आणि दार उघडतं. आत्याकडे तो नाही.

कोऱ्या रकान्याबद्दल एक. जन्माच्या नोंदीत बाप नसला तरी पैशाच्या नोंदीत असू शकतो. इंग्लंडमध्ये जुन्या काळी अशा मुलाचा खर्च पॅरिशवर, म्हणजे त्या भागातल्या चर्चच्या वस्तीवर, पडू नये म्हणून बापाकडून हमीपत्र लिहून घ्यायचे आणि त्यात नाव स्वच्छ असायचं, बाप्तिस्म्याच्या वहीत त्याच मुलापुढे कोरं. ज्याला खर्च टाळायचा असतो तो नाव नक्की लिहून ठेवतो. खर्च कुणी केला, फी कुणी भरली, जामीन कोण राहिलं, तिथे बघा.

आणि त्या २१२ वाल्याने उत्तर दिलं नाही म्हणून रागावू नका, मंडळी टेस्ट भेट मिळाली म्हणून करतात आणि पासवर्ड विसरतात. ३ महिन्यांनी परत एक छोटा मेसेज टाका, त्यात "माझे आजोबा अनौरस" वगैरे पहिल्याच ओळीत नको, "आपले पूर्वज अमुक भागातले आहेत का" एवढंच.

प्रश्न: आमचं घराणं फार जुन्या राजवंशातलं आहे असं सगळे म्हणतात, वंशावळही आहे. डीएनएने सिद्ध होईल का? (राजघराण्यातला)

उत्तर: सिद्ध व्हायला त्या राजाचा डीएनए हवा, आणि मिळाला तर मन घट्ट करा. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ मध्ये लढाईत पडला, २०१२ मध्ये लेस्टरच्या एका कार पार्कखाली सांगाडा सापडला. त्याच्या बहिणीपासून आई-मुलगी-मुलगी अशा सरळ साखळीतली दोन माणसं शोधली, आईकडून येणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए जुळला, राजा पक्का झाला. मग कागदोपत्री त्याच वंशाच्या ५ पुरुषांचा वाय तपासला तर एकाचाही राजाशी जुळेना, आणि पाचातला एक तर बाकीच्या चौघांशीही जुळेना. म्हणजे मधल्या शेकडो वर्षांत निदान दोनदा तरी कागदावरचा बाप वेगळा होता. सरदारांच्या वंशावळी होत्या त्या, भाटांच्या नव्हेत. करायची तर करा टेस्ट.

प्रश्न: मॉरिशसच्या एका बाईंचा मेसेज आला, माझ्या वडलांशी त्यांचा ४६ सेंटिमॉर्गन डीएनए जुळतो. त्यांचे पूर्वज मुंबईहून बोटीने मजूर म्हणून गेले होते म्हणे. आमच्याकडे वडलांच्या पणजोबांचा भाऊ "बोटीवर गेला तो आलाच नाही" असं सांगतात. हा तोच का? (बोटीची वाट)

उत्तर: अंगावर काटा आला वाचून, पण लगेच हो म्हणणार नाही. ४६ हा आकडा तीन-चार पिढ्यांमागच्या भावांच्या वंशजांत बसतो, पण त्याहून लांबच्या नात्यातही बसतो, कारण इतक्या लांब गेल्यावर लॉटरीच असते, थर्ड कझिनपैकी, म्हणजे सेकंडहून आणखी एक पिढी मागचं नातं, दहातल्या एकाशी आणि त्याहून एक पिढी मागच्या फोर्थ कझिनपैकी जवळपास निम्म्यांशी काहीच जुळत नाही. तेव्हा कागद मागवा, आणि इथे कागद खरंच आहेत.

१८३४ पासून मॉरिशसला जवळपास पाच लाख गिरमिटिया, म्हणजे कराराने बांधलेले, मजूर उतरले, बहुतेक कलकत्ता आणि मद्रासहून, थोडे मुंबईहून, त्यात आपल्या कोकणातले पुष्कळ. पोर्ट लुईचा आप्रवासी घाट, जिथे ते उतरायचे, २००६ पासून जागतिक वारसा आहे. प्रत्येक मजुराला एक नंबर मिळायचा आणि त्या नंबराखाली नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, बोट, तारीख, गाव असं लिहिलेलं. ही रजिस्टरं मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहेत, त्या बाईंनी आपल्या पूर्वजाचा उतारा तिथून काढून घ्यावा, त्यांना ते आपल्यापेक्षा सोपं. १८६० च्या दशकापासून फोटोही काढायला लागले, नशिबात असेल तर चेहराच मिळेल.

उतारा हाती आला की सगळ्यात आधी बापाचं नाव बघा, तुमच्या वंशावळीतल्या नावाशी जुळतं का. आडनावाची आशा धरू नका, तिकडे बऱ्याच घरांत मजुराचं पाळण्यातलं नावच पुढच्यांचं आडनाव होऊन बसलं. गावाचं नाव मोठ्याने वाचा, डोळ्यांनी कळत नाही, कानाला कळतं, जिल्ह्याचंच स्पेलिंग तेव्हा "रटनाघेरी" असं वाचावं लागेल असं करायचे. आणि रत्नागिरी लिहिलंय म्हणून आजच्या रत्नागिरीतच शोधू नका, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला, तोपर्यंत ते सगळं रत्नागिरीच. दरम्यान वडलांच्या चुलत घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाची टेस्ट झाली आणि त्यांच्याशीही त्या बाईंचा तोच तुकडा जुळला तर नातं कुठल्या बाजूचं ते नक्की होईल. मला कळवा हं नक्की, मी आता अडकले तुमच्या या बोटीत.

प्रश्न: माझ्या वडलांच्या मॅचमध्ये १,७८० चा एक माणूस आलाय, वयाने त्यांच्याहून ६ वर्षांनी मोठा. आजोबांना लग्नाआधीचा मुलगा होता असं दिसतंय. आजी हयात आहे. सांगू का नको? (तोंडाला कुलूप)

उत्तर: १,७५० च्या आसपास सावत्र भाऊ, काका, आजोबा, पुतण्या सगळेच येतात, पण ६ वर्षांचं अंतर आहे म्हणजे सावत्र भाऊ किंवा फार तर काका. काका म्हणजे वडलांच्या आजोबांपैकी कुणाचा तरी मुलगा, तेव्हा आजोबांचं नाव घेण्याआधी वडलांच्या चुलत भावाची टेस्ट जुळवून बघा. मुलगा आजीचाही असू शकतो, हे तुम्ही गृहीतच धरलं नाहीत!

सांगायचं तर आधी वडलांना, एकट्यांना, रिझल्ट त्यांचा आहे. तुम्ही त्यांच्या लॉगिनने बसलात म्हणून तो तुमचा होत नाही. आजीला सांगायचं का हे वडील ठरवतील. फॅमिली ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकू नका, हे लिहावं लागतंय कारण गेल्या वर्षी एकांनी टाकला होता. आणि पलीकडचा माणूस विसरू नका, ज्याने आयुष्याच्या उतारावर टेस्ट केली तो बहुतेक कुणाला तरी शोधतोय, त्याला महिनोन्महिने नुसतं बघून गप्प बसणं माझ्या मते बरोबर नाही. "मेसेज मिळाला, घरात बोलायला वेळ हवाय" एवढं लिहा.

प्रश्न: डीएनए कंपन्यांना देणं सेफ आहे का? (सावध)

उत्तर: पूर्ण सेफ म्हणणार नाही. २३अँडमीच्या २०२३ च्या डेटाचोरीत साधारण ६९ लाख लोकांची माहिती गेली, आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा लोक आपला डेटा डिलीट करायला धावले. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातला जुना खुनी सापडला तो त्याने नव्हे, त्याच्या लांबच्या नातेवाइकांनी वंशावळीच्या साइटवर टाकलेल्या डीएनएवरून, म्हणजे तुमच्या चुलतभावाने टेस्ट केली की तुमचीही थोडी झालीच. फ्रान्समध्ये तर हौसेखातर अशी टेस्ट करायलाच बंदी आहे. मी केली आहे. टोपणनावाने, वेगळ्या मेलवरून, आणि संशोधनाला डेटा देण्याची खूण काढून.

प्रश्न: पणजी ९१ वर्षांची आहे, तिची टेस्ट करावी का, का दिवाळी अंकानंतर निवांत? (पणतू)

उत्तर: अरे बाबा, हा अंक खाली ठेव आणि आधी तिला विचार. हो म्हणाली तरच, आणि हे काय आहे ते नीट समजावून, कारण यातून काहीही निघू शकतं. थुंकीची नळी नको, या वयात तोंड कोरडं पडतं, अर्धा तास बसूनही नळी भरत नाही आणि माणूस ओशाळतं, गालाच्या आतून काडी फिरवायची किट घे. आधी अर्धा तास काही खाल्लेलं-प्यायलेलं नको. किट यायला वेळ लागेल तोवर जुन्या फोटोंची पेटी काढ, फोनचा रेकॉर्डर चालू करून एकेक फोटो तिच्या हातात दे, आणि ती जे नाव सांगेल ते मागे पेन्सिलने लिही, बॉलपेनने नको, शाई पुढे उमटते. "तुझ्या आईच्या आईचं नाव काय" हे पहिलं विचार. पुरुषांची नावं कुठल्या ना कुठल्या कागदावर मिळतील, बायकांची बऱ्याचदा फक्त तिच्याकडे आहेत.